जमिनीवर बसणारी माणसं

साडी मोरपंखी रंगाची होती आणि पदरावर उमटलेलं पाऊल चिखलाचं. टाच, मधे थोडी रिकामी जागा, मग चवडा, आणि चवड्यात स्लीपरच्या रबराच्या बारीक तिरप्या रेघा. मी तेव्हा आठ वर्षांची होते, पण ते पाऊल मला आजही कागदावर काढून दाखवता येईल. मामा दोन महिन्यांपूर्वी गावाहून सुरतेला आला होता, आमच्याच खोलीत राहत होता, आणि त्या दिवशी त्याला वराछ्यातल्या हिऱ्याच्या एका कारखान्यात जागा मिळाली होती. पेढ्यांचा पुडा हातात घेऊन तो पावसातून धावत आला तो तसाच आत. आई साडी पसरून टिकी चिकटवत बसली होती. तिने वर पाहिलं, ‘अरे’ एवढंच म्हणाली, तोवर पाऊल पडून गेलं होतं.

आम्ही लिंबायतच्या एका चाळीत राहायचो. रिंगरोडच्या कापड मार्केटातल्या साड्यांचं पोटलं दलालाच्या हातून आमच्या गल्लीत यायचं आणि घराघरांत वाटलं जायचं. टिक्या लावायच्या, लेस शिवायची, उलट्या बाजूचे धागे कापायचे, घडी घालून परत द्यायची. गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या बायका हे काम करत. नवरे उधन्याच्या, पांडेसऱ्याच्या लूमवर बारा-बारा तासांच्या पाळीला गेलेले, आणि घरी बायका जमिनीवर साड्या पसरून बसलेल्या. आमची खोली दहा बाय बारा फुटांची आणि साडी साडेपाच मीटरची, म्हणजे अठरा फूट. ती पूर्ण कधीच उलगडत नसे. एक टोक गुंडाळत, दुसरं सोडत आई पुढे सरकायची. त्या तेवढ्याच जमिनीवर सकाळी चहा व्हायचा, दुपारी काम, रात्री जेवण, आणि मग आम्ही पाच जण तिथेच आडवे व्हायचो.

त्या डागाचे पैसे कापले गेले. टिकी लावलेली साडी धुता येत नाही, गोंद सुटतो. त्या आठवड्याची सगळी मजुरी गेली, पुढच्या आठवड्यातली निम्मी गेली. आई मामाला काहीच बोलली नाही. पेढा खाल्ला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला. पण दुसऱ्या दिवशी तिने दाराबाहेर एक फळी टाकली, फळीशेजारी पाण्याची बादली ठेवली, बादलीवर तांब्या. तेव्हापासून आमच्या घरात जो कोणी आला, मग तो दलाल असो, घरमालक असो, वडिलांचा शेठ असो, त्याला आईने दारातच अडवलं. गावाकडून आलेला असेल तर अहिराणीत म्हणायची, ‘पाय धुई ले, मंग बठ.’ परका असेल तर नुसतं तांब्याकडे बोट. आवाज चढवून नाही, पण मागेही न हटता.

पाव्हण्याला चपला काढायला सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याकडे दारात एक छोटा खेळच चालतो. येणारा वाकल्यासारखं करतो, घरचा माणूस म्हणतो, ‘राहू द्या हो, असू द्या, चालतं.’ येणारा म्हणतो, ‘नाही नाही, काढतो ना.’ मग कधी चपला निघतात, कधी निघत नाहीत, आणि ‘चालतं’ म्हणणारीच बाई पाव्हणे गेल्यावर फडकं घेऊन उकिडवी बसते. मी कितीतरी घरांत पाहिलंय, ‘राहू द्या’ म्हणणारा बहुधा पुरुष असतो आणि पुसणारी बहुधा बाई. आईने तो खेळ कधी खेळला नाही. तिच्यापाशी ‘राहू द्या’ हे शब्दच नव्हते. एकदा सोडून. ते पुढे येईल.

मला लहानपणी वाटायचं, हा आमच्याच घरचा कडकपणा आहे, गरिबीचा. मोठी होत गेले, शहरात हिंडू लागले, तेव्हा कळलं की सगळी सुरत जमिनीवर बसते. रिंगरोडच्या कुठल्याही जुन्या मार्केटात जा. दुकान म्हणजे एक चौकोन, त्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, गादीवर पांढरीशुभ्र चादर, मागे लोड. गिऱ्हाईक चपला कडेला सोडून गादीवर चढतो, मांडी घालतो, आणि मग समोर साड्यांच्या लाटा फेकल्या जातात. हजारो रुपयांचा माल त्या चादरीवर लोळतो. तिथे कोणी पाटी लावत नाही, कोणी सांगत नाही. चेन्नईचा व्यापारी असो की कोलकात्याचा, पांढरी चादर पाहिली की पाय आपोआप मागे सरतो. नव्या मार्केटांत काचेची दारं आणि खुर्च्या आल्या, तरी मालाला हात घालायची वेळ आली की सौदा गादीवरच उतरतो असं मी पाहिलंय.

आणि हिऱ्याचे कारखाने. ज्या मामाने पाऊल उमटवलं होतं, तोच मामा महिनाभरात आम्हाला शिकवू लागला. कारखान्याच्या दाराशी चपलांचा ढीग असतो, आत सगळे अनवाणी. एका घंटीभोवती, म्हणजे हिरे घासायच्या यंत्राभोवती, चौघे बसतात, मधे सरण नावाची चकती फिरते, आणि प्रत्येकाच्या हातात एक कणभर हिरा. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम, आणि कॅरटचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. मामा घासायचा ते हिरे बरेचदा एका सेंटाच्या आतबाहेरचे. म्हणजे वजन दोन मिलिग्रॅम आणि रुंदी जेमतेम सव्वा मिलिमीटर. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. चिमट्यातून असा दाणा उडाला की सगळी घंटी थांबते. कोणी पाय हलवायचा नाही. दिवा जमिनीलगत आडवा धरायचा, म्हणजे हिरा चमकतो. तरीही नाही सापडला तर केर वेगळा काढून ठेवायचा. रबरी तळाच्या खाचेत बसून तो दाणा रस्त्यावर गेला तर गेलाच, म्हणून चप्पल आत नाही. सोनारांच्या आळीतला केर चाळून, धुऊन सोनं काढणाऱ्यांना गुजरातीत धूळधोया म्हणतात. आपल्याकडे झारेकरी. दोन्ही भाषांना या कामासाठी स्वतंत्र शब्द लागला, म्हणजे झाडलेली धूळ ही कचरा नव्हे, हे जाणणारी माणसं दोन्हीकडे होती.

मामा पहिल्या पगाराच्या दिवशी घरी आला तेव्हा फळीपाशी थांबला. चपला काढल्या, पाय धुतले, धोतराने पुसावेत तसे पँटच्या पायाने पुसले, आणि तळवे उलटे करून आईला दाखवले. लहान मूल दाखवतं तसे. आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पाहिलं. पैशांचं दुःख तिने एवढे दिवस धरून ठेवलं होतं हे मला तेव्हा कळलं.

आईची ही जमिनीची ओढ गावाकडून आलेली. तिचं माहेर शहादे तालुक्यात, प्रकाशाजवळ, तापीच्या काठावर. धाब्याचं घर, मातीच्या भिंती, शेणामातीने सारवलेली जमीन. सारवलेल्या जमिनीवर पाऊल पडलं की नुसतं मळत नाही, तिचा पापुद्रा निघतो. ती पुन्हा बोटांनी सारवावी लागते. त्यामुळे तिथे जमीन म्हणजे हाताने केलेली वस्तू, भाकरीसारखी. आई लिंबायतला आली तेव्हा खोलीत सिमेंटचा कोबा होता, ठिकठिकाणी उखडलेला. तिने तो पहिल्याच दिवाळीत स्वतः सिमेंट कालवून लिंपला. पुढे शहाबादी आली, मग कोटा. आता मी दिंडोलीच्या फ्लॅटमध्ये राहते आणि पायाखाली मोरबीची पांढरी टाइल आहे. कोटा फरशी करड्या-हिरव्या रंगात बरंच पोटात घालायची. पांढऱ्या टाइलवर पाण्याचा थेंब वाळला तरी गोल उमटतो. जमीन जितकी गुळगुळीत झाली तितकी ती पुसणाऱ्या बाईची सुटका कमी झाली असं मला वाटतं.

आता ‘राहू द्या’ची गोष्ट.

1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. मी दहा वर्षांची होते. त्या पावसाळ्यात तापीला पूर येऊन गेला होता, पाणी उतरल्यावर कचरा, मेलेली जनावरं, गाळ तसाच कुजत पडला होता. वेडरोडकडे माणसं मरताहेत अशी बातमी आली आणि दोन दिवसांत शहर रिकामं होऊ लागलं. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. आम्हीही उधना स्टेशनवरून तापी लाइनची गाडी धरली. डब्यात श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या खोकल्याकडे पाहत होता. नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. एरवी आम्हा मुलांना त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी वडील तिथे हळूच म्हणाले, ‘आता आपल्या मुलखात आलो.’ नंदुरबारला उतरून एस. टी. ने गावी पोचलो तर वेशीपाशीच लोक लांब सरकले. आजीने आम्हाला अंगणात थांबवलं. तिथेच आडोसा करून आंघोळी घातल्या, कपडे उकळले, आमच्या चपला गावाबाहेर नेऊन पुरल्या. आजी रडत होती आणि पाणी ओतत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला दाराबाहेर ठेवलेल्या वस्तूसारखं वाटलं.

मी त्याबद्दल आजीला कधी दोष दिला नाही, देत नाही. तिला जे ठाऊक होतं ते तिने केलं. पण त्या अंगणात उभं असताना मला हेही कळलं की ‘बाहेरच थांब’ हे वाक्य माणसाच्या पायाला म्हटलेलं वेगळं आणि माणसाला म्हटलेलं वेगळं.

महिनाभराने परतलो. चाळीत पावडर मारायला माणूस आला. गमबूट, पाठीवर पंप, तोंडाला फडकं. दारात येऊन तो थबकला, कारण आत कोबा आरशासारखा पुसलेला होता. आल्या आल्या आईने पहिलं काम तेच केलं होतं. त्याने बुटांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ‘राहू द्या, तसेच या. नीट मारा कोपऱ्यात.’ तो गेल्यावर तिने जमीन तीनदा पुसली. तिला वाटायचं, फिनाईलने प्लेग जातो. तो तसा जात नाही. तो उंदरांवरच्या पिसवांतून येतो, आणि फुप्फुसाचा प्लेग झालेल्या माणसाच्या श्वासातून पसरतो. आईचा कोबा कितीही चकाकला असता तरी गल्लीच्या टोकाचा उकिरडा उंदरांना पोसतच होता. उंबरठ्याच्या आतली स्वच्छता उंबरठ्याच्या बाहेर दहा पावलंही चालत नाही, हे त्या वर्षी सगळ्या सुरतेला कळलं.

पुढच्या वर्षी, मे 1995 मध्ये, एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा झोन पाडले, झोनच्या अधिकाऱ्यांना अधिकार दिले, आणि सकाळच्या वेळी केबिन सोडून रस्त्यावर उतरायला लावलं. ‘एसी ते डीसी’ असं त्याला नावच पडलं. वातानुकूलित खोलीतून रोजच्या कामाकडे. मोठे रस्ते रात्री झाडले, खरवडले जाऊ लागले. रात्रपाळीहून परतताना वडील ती माणसं पाहायचे आणि सकाळी घरी सांगायचे, ‘रस्ता पुसून ठेवलाय आपल्यासाठी.’ प्लेगला दोन वर्षं होत नाहीत तोच चंदीगडच्या खालोखाल स्वच्छ शहर म्हणून सुरतेचं नाव आलं. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर ती इंदूरबरोबर पहिली आली. गाव स्वच्छ झालं याचा मला खरा अभिमान आहे. पण बक्षीस घेतानाच्या फोटोत रात्री रस्ता खरवडणारे हात दिसत नाहीत, आणि माझी नजर तेच शोधत राहते.

चपला काढायला लावण्याचा एक जुना वाद याच शहरात घडला होता, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. 1862 साली माणेकजी कावसजी एंटी नावाचे पारशी गृहस्थ सुरतेच्या फौजदारी अदालतीत असेसर होते, म्हणजे न्यायाधीशाला सल्ला द्यायला बसणाऱ्यांपैकी एक. कोर्टात येताना जोडे काढा असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ते मानलं नाही. तेव्हाचा नियम ऐकला की आजही अंगावर काटा येतो. 1854 सालीच गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने मुभा दिली होती की विलायती बूट आणि मोजे घालणारे हिंदी गृहस्थ सरकारी समारंभाला बुटांसह येऊ शकतात. देशी जोडा घातला असेल तर तो मात्र बाहेर. म्हणजे प्रश्न तळाला लागलेल्या मातीचा नव्हता. माती विलायती बुटालाही तेवढीच लागते. साहेब स्वतः तर बूट घालूनच खुर्चीवर बसलेला. हे प्रकरण पुढे ‘ग्रेट शू क्वेश्चन’ म्हणून इतिहासाच्या अभ्यासात नोंदलं गेलं.

मी माणेकजींच्या बाजूची आहे. एवढ्या चपला बाहेर काढायला लावणाऱ्या आईची मुलगी असूनही, पूर्णपणे त्यांच्या बाजूची. कारण त्या कोर्टाच्या जमिनीवर कोणी जेवत नव्हतं, कोणी साडी पसरून बसलेलं नव्हतं, कोणाचं मूल रांगत नव्हतं. तिथे जोडे काढायचे ते जमिनीसाठी नव्हे, समोरच्या खुर्चीसाठी. आणि खुर्चीसाठी जोडे काढायला लावणारे फक्त इंग्रज नव्हते. वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावात काही लोकांना वरच्या आळीतून जाताना पायताण काढून हातात धरावं लागे. भर उन्हात, फुफाट्यातून. तिथे तर जमीनही कोणाच्या घरची नव्हती, सरळ गावरस्ता होता. पायताण हा शब्द पादत्राणातून आलेला, पायाचं त्राण करणारं ते. गुजरातीतलं पगरखां तसंच, पग राखणारं. ज्याला राखायचं तो पाय उघडा पाडून दुसऱ्याचा मान राखणं, यात स्वच्छतेचा अंशही नाही.

म्हणून दारात चपला दिसल्या की मी पाहते, त्या कोणाच्या आहेत, कुठे ठेवल्यात आणि कोणासाठी काढल्यात. दिंडोलीच्या आमच्या इमारतीत प्रत्येक दाराबाहेर चपलांचं कपाट आहे. घरच्यांच्या चपला कपाटात, पाव्हण्यांच्या पायपुसण्याशेजारी. आणि फरशी पुसायला येणाऱ्या मावशींच्या चपला? त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर, भिंतीला चिकटून. त्यांना तिथे ठेवा असं कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. पण कपाटात ठेवा असंही दोन वर्षांत मी एकदाही म्हटलं नव्हतं. एका पावसाळी सकाळी त्या चपला जिन्यावरून वाहून आलेल्या पाण्यात भिजताना पाहिल्या तेव्हा फार लाज वाटली. जी बाई माझी जमीन वाकून पुसते, त्या जमिनीवर जिच्या इतका हक्क दुसऱ्या कोणाचा नाही, तिच्या चपला सगळ्यांत लांब. त्या दिवसापासून कपाटाचा वरचा कप्पा त्यांचा आहे. त्यांनी पहिले काही दिवस तिथे ठेवायला मानलं नाही, मी ठेवत राहिले.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. खालच्या वर्गांतली मुलं सतरंजीवर बसतात, म्हणून चपला वर्गाबाहेर. सकाळी वर्गात शिरण्याआधी बाहेरच्या जोडांवर नजर टाकली की हजेरीचा अंदाज येतो. पहिल्या वर्षी माझा अंदाज रोज चुकायचा. बाहेर एकतीस जोड आणि आत छत्तीस मुलं. चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की पाच मुलं अनवाणीच येतात. ती दारात थांबून पाय एकमेकांवर घासायची आणि मग हळूच आत यायची, कडेला बसायची. त्यांना ‘चपला बाहेर काढा’ हे वाक्य कसं ऐकू येत असेल? सुरतेत, सगळ्या दक्षिण गुजरातेत, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस येतो. उंदराचं मूत मिसळलेल्या पाण्यातून, पायाच्या साध्या भेगेतून तो शरीरात शिरतो. म्हणजे रस्त्यावर चप्पल असणं हे घरात ती नसण्याइतकंच गरजेचं. आधी पायाला चप्पल मिळायला हवी, मग ती कुठे काढायची याचे नियम. शाळेत आता दाराशी नळ आहे आणि शेजारी कोरडं फडकं. सगळीच मुलं पाय धुऊन आत येतात, चप्पलवाली आणि बिनचपलेची.

प्लेगनंतर आईचा नियम आणखी एकदाच वाकलेला पाहिला, तोही एका पायासाठीच. वडिलांचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, जुने मधुमेही. तळव्यांना काही जाणवेनासं झालं होतं. एकदा टाचणी टोचून आठ दिवस कळलं नव्हतं, जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी बजावलं होतं की घरातसुद्धा अनवाणी पाऊल टाकायचं नाही. नाना आले, दारात उभे राहिले, आणि आईचा नियम ठाऊक असल्याने बाहेरूनच बोलू लागले. ‘आत येत नाही वहिनी, सहज आलो होतो.’ आईने त्यांना फळीवर बसवलं. त्यांच्या पायातले जाड बूट स्वतःच्या हाताने काढले, तळ ओल्या फडक्याने पुसले, कोरड्याने पुसले, पुन्हा पायात घातले आणि हात धरून आत आणलं. दुसऱ्याच्या बुटाला हात लावताना तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. पुढच्या वेळी ते आले तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला मऊ तळाच्या नव्या चपलांचा जोड होता. नानांच्या मापाचा, घरातच घालायचा. नाना गेल्यावर तो जोड आईने कितीतरी दिवस हलवला नाही.

सगळ्यांत जास्त चिखल मी 2006 च्या ऑगस्टमध्ये पाहिला. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि तापी सुरतेत शिरली. अडाजण, रांदेर, कतारगाम पाण्याखाली. आईची बहीण, माझी मावशी, रांदेरला तळमजल्यावर राहायची. ती आणि तिच्या घरचे वरच्या शेजाऱ्यांकडे गच्चीवर होते, दिवा नाही, प्यायला पाणी नाही. पाणी ओसरल्यावर आई आणि मी फावडं, घमेलं, झाडू घेऊन तिच्याकडे पोचलो. घरात गुडघ्याखालपर्यंत गाळ होता. मऊ, गार, करडा-काळा. पलंग, पेटी, शिलाईमशीन, सगळं एका रंगाचं. आईने वाकून मूठभर गाळ उचलला, बोटांनी चुरला आणि वासही घेतला. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगवते, भुसावळवरून, जळगाव-धुळ्याच्या शिवारांतून, प्रकाशावरून वाहत 724 किलोमीटरनी समुद्राला मिळते. ‘आपलीच माटी शे,’ आई म्हणाली आणि फावडं उचललं.

ती चपला घालून आत शिरली, हे मी पाहिलं. मावशीच्या घरात, आयुष्यात पहिल्यांदा. गाळात काचा असतील, खिळे असतील, साप निघाल्याच्या बातम्या होत्या. दुपारपर्यंत आम्ही घमेली उपसत राहिलो. मग एका कोपऱ्यात फावडं खणकन वाजलं. आईने तेवढी जागा पाण्याने धुतली, फडक्याने पुसली. कोट्याच्या चार फरश्या उघड्या पडल्या, करड्या-हिरव्या, ओल्या. आई दारापर्यंत मागे आली, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, पाय धुतले, फळी टाकून गाळावरून चालत त्या चार फरश्यांवर जाऊन उभी राहिली. मग मावशीला हात देऊन तिथे बोलावलं. दोघी बहिणी तेवढ्या जागेत खाली बसल्या, बाकी सगळं घर चिखलात असताना, आणि काहीच बोलल्या नाहीत.

तेवढ्यात जेवणाची पाकिटं वाटणारी पोरं आली. त्यांतला एक सोळा-सतरा वर्षांचा, मांडीपर्यंत चिखलाने माखलेला, खांद्यावर पोतं घेऊन दारात थांबला. त्याने आत पाहिलं, चार फरश्या पाहिल्या, त्यांवर बसलेल्या दोन बायका पाहिल्या, आणि गुजरातीत विचारलं, ‘मासी, चंपल बहार काढुं?’

चार दिवसांत मावशी पहिल्यांदा हसली. ‘काढ, बेटा,’ ती म्हणाली, आणि त्याला बसायला थोडी सरकली.